नॉयफेल्डचा फाटा

माझा साडू क्लेमेन्स दिसायला राजबिंडा आणि बोलायला त्याहून गोड. क्लेमेन्सने दोन वाक्यं ऐकवली तर खेचर आपणहून जुवाखाली मान घालेल, असं आमच्या नॉयफेल्डात म्हणायचे. मीही हसायचो. आम्ही दोघे एकाच घरचे जावई. कास्पर वासिंगरची थोरली मुलगी वालबुर्गा माझी बायको, आणि धाकटी क्रेसेन्शिया त्याची. थोरलीला सगळे बुर्गा म्हणायचे, धाकटीला सेन्झी.

कॅन्सासच्या या भागात तेव्हा गावांना जीव होता तो चाळीस नंबरच्या रस्त्यामुळे. पूर्वेला कॅन्सास सिटी, पश्चिमेला डेन्व्हर, आणि मधल्या गव्हाच्या समुद्रात मण्यांसारखी ओवलेली आमची गावं. रस्ता आमच्या चर्चच्या पायऱ्यांना घासून जायचा. त्याच रस्त्यावर दोघी बहिणींचं खानावळवजा हॉटेल होतं, आणि त्याला लागून माझा पेट्रोल पंप. ट्रकवाला पंपावर थांबला की टाकी मी भरायचो आणि पोट त्या दोघी.

बुर्गा पहाटेपासून कणकेत हात घालून असायची. कोबी आणि खिमा भरून भट्टीत भाजलेले बीरॉक ती करायची. आमच्या आज्या-पणज्यांनी रशियातल्या व्होल्गाकाठच्या जर्मन गावांतून आणलेला पदार्थ. सेन्झी बाहेर टेबलं सांभाळायची. एखादा ट्रकवाला म्हणायचा, "सेन्झी, मागच्या वेळी बीरॉक मोठे होते." ती म्हणायची, "मागच्या वेळी तुझं पोट लहान होतं." सगळं हॉटेल हसायचं, आणि तो मुकाट आणखी दोन मागायचा. बुर्गाचा हात आणि सेन्झीची जीभ, दोन्हींशिवाय ते हॉटेल चाललं नसतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या भांडायच्या, अगदी कडाकडा भांडायच्या, पण त्यांच्यामध्ये पडण्याची कुणाची छाती नव्हती. मी एकदा पडलो होतो. दोघी मिळून माझ्यावर उलटल्या.

सासरे बाजूच्याच शेतात राहायचे, गावाच्या दक्षिण कडेला, पिवळसर दगडाच्या घरात. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. मिसरूड फुटायच्या वयात ते व्होल्गाकाठाहून इथे आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी आमच्या जर्मन बोलीतच काढलं. इंग्रजी त्यांना दोन कामांपुरतं यायचं, गव्हाचा भाव विचारायला आणि तो ऐकून शिव्या द्यायला.

या मुलखातल्या रस्त्याचा इतिहास त्यांना मात्र तोंडपाठ. आधी रानरेड्यांची वाट होती, म्हणायचे. कळप पाण्याच्या धोरणाने चालायचे, त्यांच्या मागोमाग शिकारी आले. मग घोड्यांच्या टपालगाड्या आल्या, मग रेल्वे. मोटारी आल्या तेव्हा चाळीस नंबर कुठून न्यायचा यावर दोन गावांत जुंपली. आम्ही की उत्तरेचं ते लुथरन लोकांचं गाव? त्या हिवाळ्यात कास्पर वासिंगरने घरोघर जाऊन माणसं गोळा केली. खेचरं जुंपली, खाणीतून दगड ओढून आणले, आणि सरकारने विचारायच्या आत गावालगतचा पट्टा स्वतःच्या हातांनी बांधून काढला. वसंतात अधिकारी आले तेव्हा रस्ता तयार होता. "अधिकाऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं," सासरे सांगायचे, "आणि म्हणाला, आता याला दुसरीकडे कसा नेऊ?" हे सांगताना त्यांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा व्हायचा.

तर अशा माणसाच्या दारात सत्तर नंबर आला.

नवा रस्ता होणार, चार पदरी, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, एकही सिग्नल नसलेला, ही बातमी पेपरात वाचून झाली होती. आमच्या भागात त्याच्या दोन आखण्या होत्या. एक गावापासून अर्ध्या मैलावरून, थेट सासऱ्यांच्या शेताच्या मधोमध. दुसरी पाच मैल दक्षिणेला, गुरांच्या मोकळ्या कुरणांमधून. खर्च दोन्हींचा सारखाच. रस्तेखात्याला भांडण नको होतं. जिथले जमीनवाले कोर्टात जाणार नाहीत तिथून ते रस्ता नेणार होते.

सासरे म्हणाले, "माझं शेत चिरून? माझ्या मढ्यावरून न्या."

मग क्लेमेन्स कामाला लागला. तो धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक होता आणि काउंटीच्या रस्ते समितीवरही. एका दुपारी तो खात्याच्या इंजिनिअरला घेऊन सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेला. अ‍ॅबट नावाचा उंच, सज्जन माणूस, नकाशाची गुंडाळी काखेत. सेन्झी कॉफी द्यायला म्हणून हजर होती. बुर्गा हॉटेलात, मी पंपावर. अ‍ॅबट इंग्रजीत बोलला, क्लेमेन्सने ते आमच्या बोलीत सासऱ्यांना सांगितलं.

तासाभराने सेन्झी हॉटेलात धावत आली आणि तिने पिठाने माखलेल्या बुर्गाला तशीच मिठी मारली.

"फाटा मिळाला! अगं, गावाला फाटा मिळणार! बाबांच्या शेतातच रस्त्यावर चढायचा आणि उतरायचा फाटा. डेन्व्हरची गाडी तिथे उतरली की पहिलं हॉटेल आपलं!"

"साहेब स्वतः म्हणाला?"

"या कानांनी ऐकलं."

बुर्गाने हात पुसले आणि ती खुर्चीवर बसली. कामाच्या वेळेत तिला बसलेली मी प्रथमच पाहिली.

त्या रविवारी चर्चनंतर सगळे सासऱ्यांकडे जेवायला होतो. ताटात नूडल आणि कोंबडी, पण सासरे जेवत नव्हते. त्यांनी काटा खाली ठेवला आणि धाकटीकडे पाहिलं. ती त्यांची लाडकी होती, ही उघड गोष्ट होती. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची. त्यांनी तिला खोगिरावर पुढे बसवून वाढवलं.

"सेन्झी, तू तिथे होतीस. तुला इंग्रजी येतं. साहेब जे बोलला तेच क्लेमेन्सने मला सांगितलं ना?"

"तेच, बाबा."

"फाटा गावाला आहे?"

"गावाला आहे, बाबा. तुम्ही जेवा बघू आता."

क्लेमेन्स हसून म्हणाला, "बघा, जावयाचा शब्द कच्चा आणि पोरीचा पक्का!" आम्ही सगळे हसलो. सासऱ्यांनी काटा उचलला आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरायला लागले, पूर्वी फिरले होते तसेच. आखणी आणखी तिघांच्या जमिनीतून जात होती. त्यातल्या ओटिलिया हेर्टल या विधवा बाईचा तर गोठा एकीकडे आणि कुरण दुसरीकडे जाणार होतं. ती कोर्टात जायच्या तयारीत होती. सासरे तिच्या ओसरीवर टोपी मांडीवर घेऊन बसले.

"ओटिलिया, रस्ता लांबून गेला तर गाव दहा वर्षांत मरेल. जवळून गेला तर आपली नातवंडं इथेच राहतील. फाटा आपल्याला मिळतोय."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तू सांगतोयस तर ठीक."

तिन्ही घरांनी सह्या केल्या, त्या सासऱ्यांच्या शब्दावर.

रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. पिवळी यंत्रं आली, कॉटनवुडची झाडं मुळांसकट उपटली गेली, आमचे दगडी कुंपणखांब, जे लाकूड न मिळणाऱ्या या मुलखात आजोबांनी खडक फोडून काढले होते, ते ढिगाऱ्यांत पडले. सासरे रोज काठी घेऊन बघायला जायचे. आपलं शेत चिरलं जाताना बघायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मजुरांना ते आमच्या बोलीत सूचना द्यायचे, मजूर मान हलवायचे.

रस्ता शेतातून पुढे गेला, भराव झाला, काँक्रीट पडलं, दोन्ही बाजूंना जाळीचं कुंपण उभं राहिलं. फाट्याचा पत्ता नव्हता. मी क्लेमेन्सला विचारलं.

"अरे इसिडोर, तू पंप चालवतोस का सरकार?" तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "आधी मुख्य रस्ता, मग फाटे. दुसऱ्या टप्प्यात आहे ते. घाई काय आहे?"

बुर्गाने सेन्झीला विचारलं, तिनेही तेच सांगितलं. दुसरा टप्पा. पण त्या सुमारास सेन्झी हॉटेलात यायची ती उशिरा, आणि जायची लवकर. पाठ दुखते म्हणायची. ट्रकवाल्यांच्या टोमण्यांना उत्तर देताना तिची जीभ पूर्वीसारखी सरसर चालत नसे. बुर्गा रात्री मला म्हणाली, "तिला काहीतरी झालंय. डॉक्टरला दाखवायला हवं." तिच्या मनात दुसरं काही आलं नाही. माझ्या आलं होतं, पण बायकोच्या बहिणीबद्दल आपण काय बोलणार?

सात मैल पूर्वेला एक चौफुला होता, उत्तर-दक्षिण जाणारा राज्यरस्ता जिथे नव्या रस्त्याला छेदत होता. तिथे पूर्वी एक बंद पडलेली शाळा आणि वारा, एवढंच होतं. आता तिथे बांधकाम सुरू झालं. कुणी म्हणे मोटेल, कुणी म्हणे गोदाम. मालक कोण ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग उद्घाटनाचा दिवस आला. चौफुल्यावरच मांडव, बँड, झेंडे. काउंटीने ठरवलं होतं की फीत कापायला कास्पर वासिंगर हवा, चाळीस नंबर बांधणारा शेवटचा जिवंत माणूस. सासऱ्यांनी लग्नातला काळा कोट काढला. क्लेमेन्स स्वतःच्या नव्या गाडीतून आम्हा तिघांना घेऊन गेला. मंचावर तो बोललाही. "माझे सासरे म्हणजे या रस्त्याचं काळीज," असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी फीत कापली. कात्रीला सेन्झीनेही हात लावला. फोटो निघाले. त्यांच्या मागेच ते नवं बांधकाम दिसत होतं, आणि दारावरच्या पाटीवर कापड झाकलेलं होतं.

परत निघताना क्लेमेन्स म्हणाला, "बाबा, जुन्या रस्त्याने जाऊ. जवळ पडतं."

सासरे जागचे हलले नाहीत. "जुन्या रस्त्याने? मी जमीन दिली, मी फीत कापली, आणि मी जुन्या रस्त्याने घरी जाऊ? मला नव्याने ने."

भोवती लोक उभे होते. फादर होते, काउंटीचे साहेब होते. एक जण म्हणालाही, "न्या हो म्हाताऱ्याला, पहिला मान त्यांचा." क्लेमेन्सला नाही म्हणता येईना. सेन्झी मागे थांबली, आवरायचं आहे म्हणाली. सासरे पुढे बसले, बुर्गा आणि मी मागे.

काय रस्ता होता तो! गाडी चालते आहे असं वाटायचंच नाही. सासरे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पोरासारखे समोर बघत होते. "खड्डा नाही," म्हणाले. "एक खड्डा नाही, बुर्गा!" मग दूरवर आमच्या चर्चचे दोन मनोरे दिसले. मग धान्याचं कोठार. मग डाव्या-उजव्या बाजूला त्यांचंच शेत सुरू झालं.

"हळू कर," सासरे म्हणाले. "आपला फाटा आला."

क्लेमेन्सने हळू केली नाही.

"अरे, घर आलं! ते बघ घर. थांब."

"इथे थांबता येत नाही, बाबा."

"का?"

"कायदा आहे. या रस्त्यावर मध्येच थांबता येत नाही."

"माझ्या शेतात?"

जाळीच्या पलीकडे त्यांचं घर दिसत होतं. दोरीवर बुर्गाने सकाळी वाळत घातलेले त्यांचे शर्ट दिसत होते. आवाज दिला असता तर कुत्र्याने कान टवकारले असते, इतकं जवळ. ते आलं आणि मागे गेलं. सासऱ्यांनी मान वळवली, मग अख्खं अंग वळवलं आणि मागच्या काचेतून, आमच्या दोघांच्या मधून, बघत राहिले.

"फाटा कुठे आहे, क्लेमेन्स?"

"चौफुल्यावर आहे एक. आणि पुढे एक."

"आपला?"

"खात्याने बदललं, बाबा. ऐन वेळी बदललं. मी खूप भांडलो."

बुर्गाने माझा हात धरला. तिची नखं मला लागली. पुढचा फाटा लांब होता. अकरा मैल पुढे गेलो, तिथे उतरलो, आणि जुन्या चाळीस नंबरने अकरा मैल मागे आलो. घराशी उतरताना सासऱ्यांनी दार हळूच लावलं, नवी गाडी म्हणून जपून, आणि म्हणाले, "तू भांडलास ते बरं केलंस." त्यांनी अजूनही त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

दहा-पंधरा दिवसांनी इंजिनिअर अ‍ॅबट हॉटेलात आला. त्याची बदली झाली होती, निरोप घ्यायला आला होता. इतकी वर्षं बुर्गाच्या हातचं खाऊन तो आमच्यातलाच झाला होता. हॉटेलात तेव्हा तो एकटाच होता; चाळीस नंबर रिकामा पडला होता. बुर्गाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही आमचा फाटा का बदललात?"

"कुठला फाटा?"

"नॉयफेल्डचा."

तो गोंधळला. "नॉयफेल्डला कधीच फाटा नव्हता, बाई. फाटा राज्यरस्त्यावरच असतो. तुमच्या वडिलांच्या स्वयंपाकघरात बसून मी स्वतः सांगितलं की इथे दोन्ही बाजूंना कुंपण असेल, चढता-उतरता येणार नाही. त्यांनी मान हलवली. मला तर आश्चर्य वाटलं होतं, की एवढं ऐकूनही हा माणूस जमीन देतोय."

"त्यांना इंग्रजी येत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्या मेहुण्यांनी त्यांच्या भाषेत..." तो बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला. "तुमची बहीणही तिथेच होती," तो हळू आवाजात म्हणाला.

बुर्गाने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. कप भरला, बशी भरली, टेबलावर आली तरी ती ओततच होती. मी तिच्या हातातून किटली घेतली.

बाकीचं समजायला मग अक्कल लागली नाही. चौफुल्यावरची ती जागा क्लेमेन्सची होती. एका चुलतभावाच्या नावाने त्याने घेऊन ठेवली होती, साहेब स्वयंपाकघरात यायच्याही आधी. रस्ता दक्षिणेच्या कुरणांतून गेला असता तर ती जागा माळरानच राहिली असती. रस्ता आमच्या बाजूने यायला हवा होता, म्हणून सासऱ्यांची जमीन हवी होती, म्हणून फाट्याचं गाजर. पाटीवरचं कापडही एव्हाना निघालं होतं. मोटेल, पंप आणि खानावळ. खानावळीची मालकीण सेन्झी.

बुर्गाने वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती सांगणार नाही, म्हाताऱ्याला जपेल. ती म्हणाली, "त्यांच्याशी आणखी एकीने खोटं बोलायचं का?"

सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इसिडोर, गाडी काढ."

आम्ही तिघे चौफुल्यावर पोचलो तेव्हा दुपारची गर्दी होती. परगावच्या गाड्या, उन्हाळी कपड्यांतली कुटुंबं, काचेच्या कपाटात बीरॉकची रास. सेन्झी टेबलं पुसत होती. वडिलांना पाहून तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. क्लेमेन्स गल्ल्यावर होता. तो कुणीतरी हाक मारल्यासारखा मागच्या दाराने निघून गेला. म्हातारा एका बाकावर बसला, टोपी मांडीवर घेतली आणि आमच्या बोलीत विचारलं, "त्या दिवशी साहेब काय बोलला, सेन्झी?"

"बाबा, इथे नको. आत चला."

"इथेच. यांच्यापैकी कुणाला आपली भाषा येत नाही. तुम्हाला ते सोयीचंच पडतं."

ती उभी होती तिथेच उभी राहिली. खालचं फडकं तिने उचललं आणि म्हणाली, "फाटा नाही म्हणाला. मी ऐकलं होतं."

"आणि रविवारी मी विचारलं तेव्हा?"

"बाबा, तुम्ही समजून घ्या. रस्ता दक्षिणेने गेला असता तर गाव तसंही गेलं असतं आणि ही जागाही. दोघी बुडालो असतो. मी निदान एकीला तरी वाचवलं."

"कुठल्या एकीला वाचवायचं, ते तू ठरवलंस."

"मी बुर्गाला विचारणारच होते! इथे स्वयंपाकघर मोठं आहे, तिच्यासारखा हात कुणाचा नाही..."

बुर्गा पहिल्यांदाच बोलली. "तुझ्याकडे कामाला येऊ?"

"माझ्याकडे नाही गं. माझ्याबरोबर."

"बरोबर होतोच की आपण. इतकी वर्षं रोज सकाळी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलीस. तुझी पाठ दुखते म्हणून मी तुझ्यासाठी नवस बोलले, सेन्झी. गुडघ्यावर बसून नवस बोलले."

सेन्झी रडायला लागली. शेजारच्या टेबलावरची बाई आपल्या मुलांना घेऊन लांबच्या टेबलावर जाऊन बसली. सासरे काठीवर भार देऊन उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"तू खरं सांगून मागितली असतीस ना पोरी, बाबा, मला चौफुल्यावर हॉटेल काढायचंय, त्यासाठी तुमचं शेत द्या, तर मी दिलं असतं. शिव्या घातल्या असत्या, पण दिलं असतं. तुला काय नाही म्हटलंय मी आजवर? तू मागितलंच नाहीस."

एवढं बोलून ते दाराकडे निघाले. सेन्झी मागे आली नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सर्वांत जड गेलं. ते पुन्हा त्या तिन्ही घरी गेले, पायी, मला गाडी काढू न देता. शेवटी ओटिलिया हेर्टलकडे. मी काळजीपोटी मागून चालत होतो. तिची गुरं आता कुरणात जायला चार मैल लांबच्या पुलावरून वळसा घालत होती. अर्धी तिने विकून टाकली होती.

"ओटिलिया, मी तुला खोटं सांगितलं," सासरे म्हणाले.

"तू नाही सांगितलंस. तुला सांगितलं त्यांनी."

"पण माझ्या तोंडातून आलं ना. तू मला विचारलंस, कुणी सांगितलं, आणि मी म्हणालो, मी सांगतोय."

तिने त्यांना आत यायला सांगितलं. ते ओसरीवर चढले नाहीत. तेव्हापासून चर्चमध्ये ते पुढच्या बाकावर बसेनासे झाले. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायचे. गावात सगळेच ओटिलियासारखे नव्हते. धान्याच्या कोठारावर माणसं मला ऐकू जाईल असं म्हणायची, "वासिंगरांनी गाव विकलं. अर्धं सासऱ्याने, अर्धं जावयाने." मी दुसरा जावई होतो, पण हे किती जणांना समजावत बसणार?

दुसऱ्या हिवाळ्यात सासरे गेले. बुर्गाने त्यांना तोच काळा कोट घातला. अंत्यविधीला सेन्झी आली. ती शेवटच्या बाकावर बसली आणि बुर्गाने मागे वळून पाहिलं नाही. क्लेमेन्स आला नाही, त्याचं धंद्याचं काम निघालं म्हणे.

हॉटेल आणखी एक वर्ष रेटलं आणि बंद केलं. पंपाची टाकी मी स्वतः उपसली. बुर्गाला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, मला काउंटीच्या गवत कापायच्या यंत्रावर. उन्हाळ्यात मी त्याच रस्त्याच्या कडेचं गवत कापतो. ड्युटीवर असलो की मला कुंपणाच्या आत जायची परवानगी असते. सासऱ्यांचं घर आलं की मी यंत्र थोडं हळू करतो. तिथे आता कुणी राहत नाही.

क्लेमेन्सचं पुढे चांगलंच झालं. अशांचं होतं. एका मोठ्या कंपनीने त्याची चौफुल्यावरची जागा विकत घेतली आणि दोघं अ‍ॅरिझोनाला राहायला निघाले, त्याच्या सांध्यांना तिथलं कोरडं हवामान मानवतं म्हणून. जायच्या आदल्या दिवशी सेन्झी आमच्या दाराशी आली. एकटीच, स्वतः गाडी चालवत. बुर्गा आत बटाटे सोलत होती. गाडीचा आवाज तिने ओळखला असावा, कारण सुरी थांबली.

मी दार उघडलं. सेन्झी पायरीखालीच उभी होती. केस पांढरे झाले होते.

"आहे का ती?"

मी मागे पाहिलं. बुर्गाने मान हलवली नाही, होही नाही, नाहीही नाही. तिने पुन्हा सोलायला सुरुवात केली.

"झोपली आहे," मी म्हणालो.

दाराशेजारीच स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि सुरीचा आवाज आम्हा दोघांनाही येत होता. सेन्झीने तिकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. "उठली की सांग, येऊन गेले." मग गाडीत बसली. बराच वेळ तिने ती सुरू केली नाही. मी दारातच उभा राहिलो, कारण दार लावणंही मला जमेना. शेवटी ती गेली.

मी आत आलो. बुर्गाने वर पाहिलं नाही.

"काय घातलं होतं तिने?"

"निळा कोट."

"नवा?"

"नवाच असावा."

बुर्गाने एक बटाटा पाण्यात टाकला, दुसरा घेतला. "बारीक झालीय का?"

"झालीय."

"खात नसेल धड," ती म्हणाली. मग सुरी खाली ठेवून उठली, दाराशी गेली आणि कडी लावली.